मेम्फिस मिनी: कॅन्सस जोबरोबरची ऐकावी की लिटल सन जोबरोबरची?

अमेरिकेची ब्लूज गायिका आणि गिटारवादक मेम्फिस मिनी ऐकायची असं एकदा ठरलं की सुरुवात कुठून करायची यावर गाडी अडते. १९२९ पासून १९५० च्या दशकापर्यंत तिची सुमारे दोनशे गाणी तबकड्यांवर आली. एवढ्या ढिगात शिरायला दोन दारं आहेत. एक, पहिला जोडीदार कॅन्सस जो मॅकॉय याच्याबरोबरची १९२९ ते १९३४ ची गाणी. दुसरं, पुढचा नवरा अर्नेस्ट लॉलर्स ऊर्फ लिटल सन जो याच्याबरोबरची, त्यातही १९४० आणि १९४१ ची. दोघांच्याही नावात ‘जो’ असल्यानं नवख्याचा गोंधळ उडतो, म्हणून इथं पहिल्याला मॅकॉय आणि दुसऱ्याला लॉलर्स म्हणतो.

मधल्या वर्षांतली डेक्का, ब्लूबर्ड आणि व्होकॅलियन या तबकडी कंपन्यांची गाणी मी या तुलनेत घेत नाही. १९३५ मध्ये मुष्टियोद्धा जो लुईवर तिनं केलेली गाणी त्यातलीच, आणि ती ऐकावीतच. पण या काळात पियानो बराच पुढं येतो आणि तिची गिटार मागं राहते. पहिल्या ओळखीला ते बरं नाही, असं माझं मत.

मॅकॉयबरोबरच्या गाण्यांचं सगळ्यात मोठं बळ म्हणजे दोन गिटारी. एक ठेका धरून बसते, दुसरी वरच्या सुरांत बोटांनी खेळत राहते. ही खेळणारी गिटार बहुतेक वेळा मिनीची. दोघं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत आणि कुणी कुणाची वाट पाहतही थांबत नाही. १९३० चं ‘व्हॉट्स द मॅटर विथ द मिल’ घ्या: गिरणी बंद पडली आहे एवढ्याशा विषयावर दोघांची बोलाचाली चालते आणि गाणं कधी संपलं ते कळत नाही. ‘कॅन आय डू इट फॉर यू’मध्ये तो एकेक गोष्ट द्यायची लालूच दाखवतो आणि ती दर वेळी ठामपणे नाही म्हणते. त्याच वर्षीचं ‘मेम्फिस मिनी-जायटिस ब्लूज’ मेंदुज्वरावर आहे. आजाराच्या नावात आपलं नाव मिसळून तिनं शीर्षक केलं, पण गाणं ऐकताना हसू येत नाही. गीतकार म्हणून तिची पकड इथंच दिसते.

खरखरीचं म्हणाल तर जुन्या नाट्यगीतांच्या ७८ च्या तबकड्यांवर ज्यांचा कान तयार झाला आहे, त्यांना ती अडणार नाही. मला तरी चौथ्या-पाचव्या गाण्यानंतर ती जाणवेनाशी होते.

मग अडतं कुठं? बाई गातच नाही, इथं.

मिनीकडं येणारे बरेच जण ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ धरून येतात. लेड झेपेलिन या रॉक बँडनं १९७१ मध्ये ते आपल्या पद्धतीनं वाजवलं आणि तबकडीवर गीतकारांत आपल्या चौघांच्या जोडीला मेम्फिस मिनीचं नाव छापलं. मूळ गाणं १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावरचं, जून १९२९ मध्ये कोलंबियासाठी न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित झालेलं. ते लावलं की पुरुषाचा आवाज येतो. शेवटपर्यंत मॅकॉयच गातो. मिनी फक्त गिटार वाजवते, सुरेख वाजवते, पण गात नाही. रॉकच्या वाटेनं आलेल्या माझ्या भाच्याला मी मोठ्या उत्साहानं हे गाणं ऐकवलं, तेव्हा दोन कडवी झाल्यावर त्यानं विचारलं, “मामा, ती कधी गाणार?” माझ्याकडं उत्तर नव्हतं.

हे एका गाण्यापुरतं असतं तर मी एवढं धरून बसलो नसतो. डॉक्युमेंट कंपनीनं या जोडीचे चार भाग काढलेत. कालक्रम चोख आहे, अभ्यासाला त्याहून चांगलं काही नाही. पण ते सलग लावून बसलात की दर थोड्या वेळानं मॅकॉय माइक घेतो. तो वाईट गायक नाही. पण मिनीचं ‘फ्रिस्को टाउन’ संपतं, कानात तिचा तो कणखर, किंचित अनुनासिक आवाज असतो, पुढचंही तिचंच येईल म्हणून आपण सावरून बसतो आणि तो सुरू होतो. गाडी चालवताना तर यादी बघायचीही सोय नसते. शिवाय ‘बम्बल बी’ पुन्हापुन्हा भेटतं. १९२९ मध्ये कोलंबियासाठी, १९३० मध्ये व्होकॅलियनसाठी, मग त्याचे पुढचे अवतार, आणि मेम्फिस जग बँडबरोबर आणखी एकदा. गाणं गाजलं होतं, कंपन्यांना ते हवं होतं, हे समजतं. तरी सलग ऐकणाऱ्याचा धीर सुटू शकतो.

आता १९४१. शिकागो, ओके कंपनी, २१ मे. त्या दिवशीची ‘मी अँड माय शोफर ब्लूज’ आणि ‘इन माय गर्लिश डेज’ ही दोन गाणी एवढ्यासाठीच लावून बघा की पहिल्या ओळीपासून तीच गाते. हातात विजेवरची गिटार आहे, पण दंगा नाही. लॉलर्स मागं राहून साथ करतो, अंगावर येत नाही. ‘शोफर’मधली बाई आपल्या ड्रायव्हरनं दुसऱ्या पोरींना गाडीतून फिरवू नये म्हणून बजावते, पिस्तुलाची धमकी देते, आणि मग म्हणते, याला नवी कोरी व्ही-एट फोर्डच घेऊन देते, म्हणजे दुसऱ्या उतारूंची गरजच उरणार नाही. १९३० च्या ‘कॅन आय डू इट फॉर यू’मध्ये देऊ करणारा तो होता आणि नाकारणारी ती. इथं पैसा तिचा, गाडी तिची, अटीही तिच्याच. अकरा वर्षांत गाण्यातली बाई कुठून कुठं गेली हे या दोन गाण्यांत मला जेवढं स्पष्ट दिसतं तेवढं तिच्या कुठल्याही चरित्रपर मजकुरात दिसलं नाही.

आदल्या वर्षीचं ‘नथिंग इन रॅम्बलिंग’ माझ्या लेखी याहून वर आहे. कोटात हात घालून गल्लीतून चाललेल्या माणसावर पोलीस गोळी झाडायला निघतात, कारण त्यांना वाटतं याच्या खिशात चोरीचं काही आहे. एवढं एका कडव्यात. आवाज चढत नाही, गिटार घाई करत नाही. १९४० मध्येच तिनं ‘मा रेनी’ हे गाणंही केलं. तिच्या आधीच्या पिढीतली ब्लूज गायिका रेनी आदल्या वर्षी वारली होती, आणि या गाण्यात मिनी स्वतःला तिच्या वारशात उभी करते.

या काळाच्या विरोधात बोलण्यासारखंही आहे. ‘शोफर’चं श्रेय लॉलर्सच्या नावावर आहे, त्यामुळं गीतकार मिनी शोधणाऱ्याला इथंही कागदावर पूर्ण न्याय मिळत नाही. आणि तबकडीवरची मिनी प्रत्यक्षातल्यापेक्षा मवाळ असावी. कवी लँग्स्टन ह्यूजनं १९४२ च्या अखेरीस तिला शिकागोच्या २३० क्लबमध्ये बर्फपेटीवर बसून वाजवताना ऐकलं आणि ‘शिकागो डिफेंडर’ या वृत्तपत्रातल्या सदरात त्या विजेच्या गिटारीच्या आवाजाला थेट पोलादाच्या कारखान्याची उपमा दिली. तो धडाका ओकेच्या तबकड्यांत नाही. पुढं टिपला गेला असता, पण ऑगस्ट १९४२ पासून वादक संघटनेनं ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला आणि मिनी १९४४ च्या डिसेंबरपर्यंत तबकडीवर आली नाही.

तुम्ही स्वतः गिटार वाजवत असाल तर माझं सगळं बाजूला ठेवा आणि मॅकॉयबरोबरच्या गाण्यांपासूनच सुरुवात करा. दोन गिटारींचं ते शिक्षण दुसरीकडं मिळणं कठीण. बाकीच्यांनी, म्हणजे ज्यांना मिनी हवी आहे, तिचा आवाज आणि तिचं म्हणणं हवं आहे त्यांनी, १९४० आणि ४१ आधी घ्यावं. महिनाभरानं मागं जाऊन १९३० चं ‘मिल’ लावा, मग ‘बम्बल बी’ची व्होकॅलियनची आवृत्ती. ‘लेव्ही’ त्यानंतर. तोवर तिची बोटं ओळखू यायला लागलेली असतात, आणि मॅकॉय गात असला तरी कान आपसूक तिच्या गिटारीकडं जातो.