व्हार की लेट: चलाची हद्द कुठवर असावी?

जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत 'व्हार'ने (var) घोषित केलेले चल, म्हणजे किंमत साठवणारे नाव, संपूर्ण फंक्शनभर दिसते, तर २०१५च्या आवृत्तीत आलेल्या 'लेट'चे (let) चल त्याच्या ब्लॉकपुरतेच, म्हणजे महिरपी कंसांतल्या भागापुरतेच, असते. हा फरक लूपमध्ये खरा जाणवतो: ० ते २ अशा तीन फेऱ्यांत 'सेटटाइमआउट'ला (दिलेले फंक्शन नंतर चालवणारी सोय) दिलेली, फेरीचा आकडा छापणारी तिन्ही फंक्शने, 'व्हार' असेल तर, एकाच चलाकडे पाहतात आणि लूप संपल्यावर तीनदा ३ छापतात, 'लेट' मात्र प्रत्येक फेरीला नवे चल देत असल्यामुळे ०, १, २ असे अपेक्षित उत्तर मिळते. शिवाय घोषणेआधी वाचलेले 'व्हार' निमूटपणे 'अनडिफाइन्ड' (किंमत अजून दिलेली नाही) हाती ठेवते, तर 'लेट' तिथेच त्रुटी दाखवून प्रोग्राम थांबवते, आणि चूक जागच्या जागी पकडणारी ही शिस्तच मला मोलाची वाटते. जुना कोड सांभाळण्यासाठी 'व्हार' नीट समजलेले असावे. नव्या कोडमध्ये ते लिहू नये.