युनिट बंद करायचंय? नोकियाच्या दोन वाटा आधी पाहा

माणसं कमी करायची हे वरून ठरून आलंय आणि ते कसं करायचं एवढंच तुमच्या हातात आहे, तर नोकियाची दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहा. कंपनी तीच, मध्ये फक्त तीन वर्षं.

जानेवारी २००८ मध्ये नोकियाने जर्मनीतला बोखुमचा कारखाना बंद करून काम रोमानियात नेत असल्याचं जाहीर केलं. २,३०० कामगारांचा प्रश्न होता आणि आदल्याच वर्षी कंपनीने भरघोस नफा कमावला होता. त्यामुळे नोकरी जाण्याच्या भीतीपेक्षा फसवलं गेल्याचा संताप मोठा होता. हजारो लोक रस्त्यावर उतरले, राजकीय नेत्यांनी नोकियाचे फोन परत करायची भाषा केली, राज्य सरकारने अनुदान परत मागितलं. कामगारांसाठी २० कोटी युरोंचा समझोता झाला, म्हणजे माणशी ८० हजारांहून जास्त. एवढे पैसे मोजूनही नाव गेलं ते गेलंच.

२०११ मध्ये संकट कितीतरी मोठं होतं: १३ देशांतले सुमारे १८ हजार लोक. या वेळी ‘ब्रिज’ नावाची योजना आली. कंपनीतच दुसरं काम, बाहेर नोकरी, स्वतःचा धंदा, नवं शिक्षण किंवा आपली वेगळीच काही वाट, यातलं प्रत्येकाने निवडायचं. धंद्यासाठी माणशी २५ हजार युरोंपर्यंत मदत. एकूण खर्च सुमारे ५ कोटी युरो. नोकरीच्या शेवटच्या दिवशी जवळपास ६० टक्के लोकांना पुढे काय करायचं ते माहीत होतं.

तुलना अगदी सरळ नाही, हेही लक्षात घ्या. ब्रिजमध्ये इंजिनिअर बरेच होते, त्यांना बाहेर मागणी होती. शिवाय २०११ मध्ये कंपनी घसरतेय हे सगळ्यांना दिसत होतं. कारण पटलं की माणूस दुःखी होतो, पण सूडाला पेटत नाही. बोखुमला कारणच पटलं नव्हतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. हाताशी सहा महिने असतील तर ब्रिजची वाट धरा. स्वेच्छानिवृत्तीची रक्कम वाढवत बसण्यापेक्षा तो पैसा लोकांच्या पुढच्या कामावर लावा. तेवढा वेळ नसेल, तर निदान खरं कारण, आकड्यांसकट, एकाच दिवशी सगळ्यांना समोर बसवून सांगा. आणि ते एचआरवर ढकलू नका. ज्या साहेबाच्या हाताखाली लोकांनी काम केलं त्यानेच सांगावं. मागे राहणारेही ऐकत असतात, आणि उद्याचं काम त्यांच्याकडूनच करून घ्यायचं आहे.