ऑफिसने पाठवलेलं बर्फातलं फोटोग्राफी वर्कशॉप

ऑफिसने ट्रेनिंग म्हणून हिवाळी लँडस्केप फोटोग्राफीच्या 3 दिवसांच्या वर्कशॉपला पाठवलं आणि खरंच सांगते, इतकं शिकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. कामासाठी फोटो काढते मी पण बर्फ नेहमी मळकट राखाडीच यायचा, का ते कधी कळलंच नाही. सरांनी पहिल्याच सकाळी दाखवलं, कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर सगळं मध्यम राखाडी धरून चालतं, त्यामुळे समोर पांढरंशुभ्र आलं की ते एक्सपोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, कमी करतं, मग आपण कॅमेऱ्यात एक्सपोजर +1 ते +2 वाढवून द्यायचं आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, उजव्या कडेला चिकटत नाही ना तेवढं बघायचं. एवढं केलं आणि बर्फावरच्या वाऱ्याच्या बारीक रेघा, सावलीतला निळसर रंग, सगळं स्क्रीनवर आलं!

थंडीत बॅटरी पटापट उतरते, जास्तीची आतल्या खिशात ठेवा. आणि उबेत येण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा नाहीतर त्यावर पाणी धरतं, शेजारच्या ताईंचा अख्खा तास लेन्स सुकवण्यात गेला.

तक्रार एकच, ग्रुप फार मोठा. सूर्योदयाचा उजेड जेमतेम काही मिनिटं असतो, तेवढ्यात सर सगळ्यांकडे पोचलेच नाहीत. तरी ऑफिस पाठवत असेल तर नक्की जा.