आमवातासाठी लेइगोंगथंग की मेथोट्रेक्सेट?

चीनमधल्या रुग्णालयांत आमवाताला (रुमॅटॉइड) ही दोन्ही औषधं लिहून दिली जातात. लेइगोंगथंग म्हणजे मेघगर्जनेच्या देवाची वेल. ती आपल्या मालकांगोणीच्या कुळातली, पण तेवढ्या नात्यावर विसंबू नये. मेथोट्रेक्सेट हे आमवातावरचं नेहमीचं औषध, आठवड्यातून एकदाच घ्यायचं.

गुण येतो का, हा वाद बाजूला ठेवू, कारण वेलीचा गुण येतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चिनी चाचणीत २०७ रुग्ण होते, मुदत २४ आठवड्यांची. निम्म्याने किंवा त्याहून जास्त आराम पडला तो मेथोट्रेक्सेटवर सुमारे ४६ टक्क्यांना, वेलीच्या गोळ्यांवर ५५ आणि दोन्ही एकत्र घेणाऱ्यांत ७७ टक्क्यांना. मात्र त्यात मेथोट्रेक्सेट आठवड्याला १२.५ मिलिग्रॅमच होतं. एरवी ते २० ते २५ पर्यंत नेतात, त्यामुळे वेलीची आघाडी जरा सांभाळूनच वाचावी.

माझं मन अडलं ते गोळीवरच्या आकड्याशी. वेलीच्या गोळीवर १० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, ते 'एकूण ग्लायकोसाइड्स'चं, म्हणजे वेलीच्या अर्कातल्या घटकांच्या मिश्रणाचं. गुण आणि विष दोन्ही ज्यात एकवटलेत ते ट्रिप्टोलाइड त्यात किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही, आणि उत्पादकागणिक ते बदलतं. म्हणजे रोज ६० मिलिग्रॅम नेमाने घेणाऱ्याने कंपनी बदलली तर खरी मात्राही नकळत बदलते. हितकारक आणि घातक मात्रेत अंतर इतकं थोडं असताना हे मला चालण्यासारखं वाटलं नाही. काढ्याचं तर विचारूच नये. मुळाच्या दोन्ही साली पूर्ण काढून आतलं लाकूडच मंद आचेवर तास-दोन तास उकळायचं असतं. सालीचा तुकडा राहिला की विष वाढतं, आणि पानं-फुलं तर वापरायचीच नसतात. उलट्या, जुलाब, रक्तदाब कोसळणं, मूत्रपिंड निकामी होणं असा क्रम सुरू झाला, तर देण्यासारखा उतारा नाही.

मेथोट्रेक्सेटही साधं नाही. दुसऱ्या दिवशीची मळमळ अनेकांना नकोशी होते. सगळ्यात मोठी चूक म्हणजे आठवड्याची गोळी रोज घेणं, त्याने अस्थिमज्जा (हाडातला रक्तपेशी बनवणारा भाग) काम करेनाशी होते. म्हणून वार ठरवून चिठ्ठीवर लिहून घ्यावा आणि फॉलिक ॲसिड वेगळ्या दिवशी घ्यावं. तरी गोळीत जेवढं लिहिलंय तेवढंच असतं आणि चूक वेळेत कळली तर फॉलिनिक ॲसिड हा उतारा हाताशी असतो. माझं पारडं झुकलं ते इथेच.

मूल हवं असेल तर प्रश्नच उरत नाही. वेलीने पुरुषांत शुक्राणू घटतात, बायकांची पाळी थांबते, आणि चाळिशीच्या आसपास थांबलेली पाळी परत येईलच असं नाही. गर्भधारणेआधी मेथोट्रेक्सेटही बंद करावं लागतं, पण साधारण तीन महिने आधी थांबवलं की पुरतं.

वेलीची बाजू एकाच ठिकाणी जड वाटते: पाळी गेलेली बाई, मेथोट्रेक्सेट पूर्ण मात्रेत देऊन झालेलं, आणि वेल मुळात वापरणारा सांधेतज्ज्ञ जवळ. तिथेही गोळीचा उत्पादक बदलू नये, आणि रक्तपेशी, यकृत, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) या तपासण्या सुरुवातीचे तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी कराव्यात.