आखातात नोकरी, कॅनडात कुटुंब: पीआर टिकवण्यासाठी घेतलेल्या सल्लासेवेविषयी

पत्नी आणि मुले मिसिसागात, माझी नोकरी अबू धाबीत आणि आईवडील साताऱ्याला, अशी विभागणी असलेल्या आमच्या घरात कॅनडाचा पीआर, म्हणजे कायमस्वरूपी रहिवासाचा दर्जा, टिकवण्याचा प्रश्न सतत डोक्यात असतो. त्यासाठी यंदा मिसिसागातील एका परवानाधारक इमिग्रेशन सल्लागाराची सेवा घेतली. परवाना खरा आहे की नाही, हे कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या सल्लागारांच्या नियामक संस्थेच्या सार्वजनिक नोंदवहीत कोणालाही पाहता येते, आणि फी भरण्यापूर्वी ते पाहावेच.

पाच वर्षांत किमान 730 दिवस कॅनडात राहिले पाहिजे, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र पीआर मिळून पाच वर्षे उलटल्यावर हा हिशेब पीआर कार्डावरच्या तारखांनुसार होत नाही. अधिकारी ज्या दिवशी तपासणी करतो, त्या दिवसापासून मागची पाच वर्षे धरली जातात. हे सल्लागाराने तक्ता आखून इतके नीट समजावले की माझ्या मते सारी फी तिथेच वसूल झाली. सुरुवातीची दोन वर्षे सलग कॅनडात राहून मग आखातात गेलेल्या माणसाचे 730 दिवस पाचवे वर्ष संपेपर्यंत शाबूत असतात, परंतु त्यानंतर बाहेर काढलेल्या प्रत्येक दिवसागणिक जुना एक दिवस हिशेबातून गळू लागतो. कार्डाची मुदत शिल्लक आहे म्हणून निर्धास्त राहणारी कुटुंबे अडचणीत येतात ती यामुळेच.

कॅनडियन कंपनीने आपल्या पूर्णवेळ कर्मचाऱ्याला तात्पुरते परदेशी पाठवले असेल, तर ते दिवस मोजले जातात. आखातातच थेट भरती झालेल्या माझ्यासारख्याला ती सवलत नाही. मुंबईतल्या एका एजंटाने यावर उपाय म्हणून ओळखीच्या कंपनीचे पत्र मिळवून देण्याची तयारी दाखवली होती. या सल्लागाराने असे पत्र म्हणजे खोटी माहिती देणे ठरेल आणि पीआर जाऊन वर पाच वर्षांची प्रवेशबंदीही येऊ शकेल, असे स्पष्ट बजावले. पत्नी पुढे नागरिक झाली आणि माझ्यासोबत अबू धाबीत राहिली, तर ते दिवस धरले जाऊ शकतात. ती मिसिसागात आणि मी इथे, अशा स्थितीत नाही.

आईवडिलांच्या आजारपणासाठी साताऱ्यात काढलेले दिवस आपोआप मोजले जात नाहीत, पण दिवस कमी पडल्यास अधिकारी मानवतेच्या कारणांखाली त्यांचा विचार करू शकतो. म्हणून रुग्णालयाची कागदपत्रे, विमानाची तिकिटे आणि घरी पाठवलेल्या पैशांच्या पावत्या तारखेनुसार लावून ठेवण्याची शिस्त सल्लागाराने लावून दिली, हे मला फार मोलाचे वाटते. पासपोर्टावर प्रत्येक वेळी शिक्का बसतोच असे नाही, तेव्हा कॅनडा बॉर्डर सर्व्हिसेस एजन्सीकडून प्रवासाची नोंद कशी मागवायची, हेही त्यांनी सांगितले.

सेवा उणी पडली ती कराच्या बाबतीत. पीआरचे दिवस आणि करासाठीचा रहिवास हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पत्नी, मुले आणि घर कॅनडात असेल, तर अबू धाबीतल्या पगारावरही तिथे कर लागू शकतो. शिवाय मुलांसाठी मिळणारा चाइल्ड बेनिफिट हा सरकारी भत्ता ठरवताना परदेशात असलेल्या जोडीदाराचे उत्पन्नही कळवावे लागते. हे विषय आपल्या कक्षेत येत नाहीत, असे सल्लागाराने भेटीच्या अखेरीस सांगितले. त्यांचे म्हणणे योग्यच होते, पण ते वेळ ठरवतानाच सांगायला हवे होते. परदेशातल्या नोकरीचा करार करण्यापूर्वी ही सेवा जरूर घ्यावी. मात्र करासाठी वेगळ्या अकाउंटंटची फी हिशेबात धरूनच जावे.