दहा टक्के सूट नाही, तरी साडेचार स्टार

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. जमाखर्च सोडून दुसरं काही लिहायची सवय नाही. पण आमचे तोलाईवाले विश्रामबागेतल्या या मेडिकलला नावं ठेवतात, "साधी अंगदुखीची गोळी मागितली तरी शंभर प्रश्न विचारतात, लई उद्धट आहेत." प्रश्न विचारतात हे खरं आहे. मलाही विचारले, आणि गोळी दिली नाही ती नाहीच.

माझ्या छातीत 2011 पासून धातूची झडप आहे. लहानपणी सांधेवाताचा ताप आला होता, त्यात मायट्रल झडप गेली. ऑपरेशन मिरजेला झालं. तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला एसिट्रोम. सोमवार, बुधवार, शुक्रवारी 3 मिलिग्रॅम, बाकीचे दिवस 2. सगळे हिला रक्त पातळ करायची गोळी म्हणतात, पण दुधात पाणी घालावं तसं काही रक्त पातळ होत नाही. लिव्हर व्हिटॅमिन के वापरून रक्त गोठवणारे घटक तयार करतं, त्या कामात ही गोळी खोडा घालते. हे इथल्या काउंटरवरच्या मॅडमनी मला कॅरीबॅगवर पेनानं काढून दाखवलं. संध्याकाळीच का घ्यायची, तेही त्यांनीच सांगितलं. सकाळी रक्त दिलं की दुपारी रिपोर्ट येतो, डोस बदलायचा झाला तर त्याच दिवशी बदलता येतो.

इथं यायच्या आधी वर्षभर मी दुसरीकडून औषधं घेत होतो, दहा टक्के सूट मिळायची म्हणून. तिथल्या पोरानं एकदा 2 च्या जागी 4 ची पट्टी दिली. जन्मभर आकडे वाचणारा मी, पण पट्टीवरचा आकडा वाचला नाही. आठ-नऊ दिवसांनी दात घासताना बेसिन लाल झालं, दंडावर न लागता काळंनिळं उठलं. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, 6.1! माझा 2.5 ते 3.5 च्या मधे पाहिजे. गोळी न घेणाऱ्या माणसाचा 1 च्या आसपास असतो. डॉक्टरांनी दोन दिवस गोळी बंद केली, तिसऱ्या दिवशी परत रक्त तपासलं. ते चार दिवस मी दाढीसुद्धा केली नाही. दहा टक्क्यांत वाचवलेले पैसे किती, आणि रिक्षा, तपासणी, बुडालेला पगार किती, हा हिशेब मी वहीत मांडलाय. बायकोला दाखवलेला नाही.

मग इथं आलो. मॅडम पट्टी हातात देत नाहीत, आधी उलटी धरून मिलिग्रॅमचा आकडा मोठ्यानं वाचतात आणि आपल्यालाही वाचायला लावतात. पहिल्यांदा मला शाळेत उभं केल्यासारखं वाटलं. आता मीच चष्मा लावून वाचतो.

गुडघा धरला तेव्हा मी डायक्लोफेनॅक मागितली. "काका, एसिट्रोमवर ही नाही चालणार. पोटात आतल्या आत रक्त गेलं तर काळी शी होईल तेव्हाच कळेल." पॅरासिटामॉल दिली, तीही मोजून, कारण सलग बरेच दिवस घेतली तर तिच्यानंही आयएनआर चढतो. जुलाब लागले तेव्हा पोरगा मेट्रोजिल आणायला गेला, तर त्यांनी आधी डॉक्टरांना फोन लावला. ती गोळी एसिट्रोमचा जोर वाढवते म्हणे.

सगळ्यात मजा हळदीची. दिवाळीत एका व्यापाऱ्यानं कर्क्युमिनच्या कॅप्सूलचा डबा भेट दिला. राजापुरी हळदीची पोती रोज लिहिणारा माणूस मी, मला हळदीचं काय भय? तरी मॅडमना दाखवला. "आमटीतली हळद खुशाल खा, हा डबा मात्र नको. यात अर्क आहे, रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो." डबा अजून कपाटावर आहे.

पालेभाज्यांत व्हिटॅमिन के असतं, म्हणून त्या बंद कर असं शेजारी सांगत होते. मॅडम म्हणाल्या, बंद नाही, बेतानं आणि दर आठवड्याला साधारण तेवढ्याच. श्रावणात मी रोज मेथी-पालक हाणला आणि आयएनआर 1.9 वर आला, तेव्हा पटलं. गोळी चुकली तर त्याच रात्री आठवल्यास घ्यायची, दुसऱ्या दिवशी आठवली तर सोडून द्यायची. दोन एकदम कधीच नाहीत, आणि चुकल्याची नोंद वहीत.

आमच्या मेहुण्यांना हृदयाच्या ठोक्यांच्या अनियमितपणासाठी रक्त पातळ करायचीच, पण नवीन जातीची गोळी आहे, तिला आयएनआर लागत नाही. मीही मागून बघितली. धातूच्या झडपेला त्या गोळ्या चालत नाहीत, विषय संपला.

अर्धा स्टार कापला तो दुपारी 2 ते 4:30 शटर बंद असतं म्हणून. गाडी लावायलाही जागा नाही, पण तो विश्रामबागेचाच रोग. जाताना शेवटचा आयएनआर रिपोर्ट बरोबर न्या, पहिला प्रश्न तोच असतो. मला त्यावरून दोनदा घरी पाठवलंय, एकदा तर भर पावसात.