बासच्या रॉडवर चोणक : आठ महिने वापरल्यावर

ऑक्टोबरात घेतलेला हा रॉड आणि रीळ मेअखेरपर्यंत जवळजवळ दर आठवड्याला खाऱ्या पाण्यावर होते. खोका उघडल्या दिवशी लिहिलं असतं तर निम्मं चुकलं असतं, म्हणून पाऊस लागेपर्यंत थांबलो.

रॉड सात फुटी, दोन तुकड्यांचा, मीडियम हेवी, १० ते ३० ग्रॅमचा ल्युअर (खोटं आमिष) पेलणारा. रीळ ४००० साइजचं. दुकानात याला बास रॉड म्हणतात, पण ज्या बाससाठी असले रॉड घडले तो लार्जमाउथ बास अमेरिकेतल्या गोड्या तळ्यांतला. आपला सी बास म्हणजे चोणक, रायगडकडचा जिताडा. दोघांचं कूळ वेगळं. शिकारीची रीत मात्र एकच: आडोशाला दबा धरायचा, भक्ष्य टप्प्यात आलं की जबडा उघडून पाण्यासकट आत ओढायचं. त्यामुळे ताठ कणा आणि चपळ टोक हे त्या रॉडचे दोन्ही गुण इथे कामाला येतात. मीठ मात्र त्याच्या हिशेबात धरलेलं नाही, आणि आठ महिन्यांतल्या बहुतेक तक्रारी मिठापाशीच येऊन थांबतात.

आमची जागा फोंडा तालुक्यात, झुआरीच्या बाजूला, मित्राच्या मामांच्या खाजनातली पोंय, म्हणजे बांधामागचं तळं. बांधालगत त्यांचं दोन खोल्यांचं कौलारू घर आहे. आम्ही चौघे शुक्रवारी रात्री तिथे मुक्कामाला जायचो. ज्यांनी खाजन पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: खाडीकाठची सखल जमीन, नदीचं पाणी अडवणारा बांध, आणि त्या बांधात मानस, म्हणजे लाकडी दारं. भरतीचं पाणी बाहेरून रेटा देतं तेव्हा ती मिटतात, सुकतीला आतल्या पाण्याच्या रेट्यानं उघडतात. सुकती लागली की सुंगटं (कोळंबी) आणि शेवट्या माशांची पिल्लं ओढीबरोबर मानशीकडे यायला लागतात आणि चोणक वाटेत तोंड प्रवाहाकडे करून उभा राहतो. भरती-सुकती रोज पाऊणएक तास पुढे सरकते, त्यामुळे मागच्या शनिवारची वेळ या शनिवारी उपयोगाची नाही. मानशीच्या तोंडाला जाळं लावायचा हक्क लिलावात जातो. ज्यानं तो घेतलाय त्याला विचारल्याशिवाय तिथे गरी टाकू नये. आम्ही आतल्या कडेला, चिपी या खारफुटीच्या मुळांजवळ टाकायचो.

आता रॉडबद्दल. टोक इतकं जिवंत आहे की रबरी मासोळीची शेपटी हलते तेही मुठीत कळतं. अंधारात हे फार मोलाचं. चोणक घेतो तेव्हा झटका नसतो, टप्प असा एक ठोका येतो, आणि तो कळला नाही तर मासा ल्युअर थुंकून मोकळा होतो. आधीच्या जाड रॉडवर असे किती ठोके मला कळलेच नसतील!

तरी पहिल्या महिन्यात तीन मासे हातचे गेले. तिन्ही वेळा लाइन कापली गेली. चोणकाच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी असते आणि मी ३० पौंडांच्या ब्रेडेड (विणलेल्या) लाइनला पातळ लीडर, म्हणजे ल्युअरआधीचा वेगळा धागा, जोडत होतो. मित्रानं मला ४० पौंडांच्या लीडरचा हातभर तुकडा एफजी गाठीनं जोडायला शिकवलं. ही गाठ बारीक असते, रॉडवरच्या कड्यांतून अडकल्याशिवाय जाते. शिकायला दोन संध्याकाळी गेल्या. त्यानंतर कल्ल्यानं एकही मासा गेला नाही.

ल्युअरसोबत आलेल्या तिहेरी गऱ्या पहिल्याच दिवशी बदला. आमच्या दोन सरळ झाल्या. शिवाय चोणक पाण्याबाहेर येऊन डोकं झाडतो, आणि ब्रेडेड लाइनला ताण खायची सवय नसल्यानं तिहेरी गरी जबड्यातून उचकटते. जाड तारेची एकेरी गरी लावली आणि मासा उसळला की टोक पाण्याकडे झुकवायची सवय लावली, तेव्हा हिशेब बसला. ड्रॅग, म्हणजे ताण आल्यावर लाइन सुटू देणारा रिळाचा ब्रेक, अंदाजानं न लावता स्प्रिंगच्या काट्यानं मोजून साडेतीन किलोवर ठेवला.

डिसेंबरातल्या अमावस्येच्या उधाणात, पहाटे पाचच्या सुमाराला, टॉर्च फिरवताना चिपीखाली दोन लाल डोळे पेटल्यासारखे दिसले. टॉर्च विझवला, पाच मिनिटं कोणी बोललं नाही. दुसऱ्या फेकीला ठोका आला. रॉड मुठीपासून वाकला तरी पुढची ताकद शिल्लक होती. मासा मुळांत शिरत होता तेव्हा त्याला वळवून बाहेर काढता आलं ते या ताठ कण्यामुळेच. चौऱ्याऐंशी सेंटिमीटर भरला. चोणक बहुतेक नर म्हणून वाढतात आणि मोठे झाल्यावर मादी होतात, म्हणजे इतका मोठा मासा बहुधा मादी. ओल्या हातांनी धरला, गरी काढली आणि शेपटीत जोर येईपर्यंत पाण्यात तोलून सोडला. त्या दिवशी रव्यात तळायला आधी मिळालेला छोटा होता, तो चौघांना पुरला.

एक उणीव रॉडच्या लांबीची. सात फूट होडीत छान, बांधावरून अपुरे. मासा काठाशी आला की दगड आणि मुळं ओलांडून लाइन उंच धरता येत नाही. बांधावरूनच गरवणाऱ्यानं आठ फुटी घ्यावा आणि लांब दांड्याचं जाळं जवळ ठेवावं. मासा घ्यायला पाण्यात उतरू नये. कुंभारजुव्याच्या कालव्यात आणि त्या बाजूच्या खाड्यांत मगरी आहेत.

रिळाबद्दल माझं मत मध्यंतरी पार बदललं होतं. जानेवारीत लाइन जिथून वळते तो रोलर करकरायला लागला. दुकानदार म्हणाला, रीळच बदला. उघडून पाहिलं तर आत मिठाचा थर. साफ करून तेल घातलं आणि तेव्हापासून घरी आल्यावर एकच क्रम पाळतो: ड्रॅग घट्ट करायचा, नळाखाली हलक्या धारेनं धुवायचं, पुसायचं, ड्रॅग सैल सोडायचा. बादलीत बुडवायचं नाही, पाण्याचा जोराचा फवारा मारायचा नाही, मीठ आत ढकललं जातं. त्यानंतर चार महिने आवाज नाही. एकदा मुक्कामात रात्रभर न धुता ठेवलं, तर सकाळी हँडलच्या स्क्रूवर तांबेरा दिसला.

एप्रिलमध्ये लाइन सारखी विसविशीत व्हायला लागली. दोष लाइनचा वाटत होता, पण टोकाच्या कड्यातून कापूस फिरवला तर तो अडकला. कड्याला बारीक टवका गेला होता, बहुधा मीच जीपमध्ये रॉड दाराशी उभा केला तेव्हा. टोकाचं कडं स्वस्त असतं, गरम गोंदानं बसतं.

याच पैशांत पुन्हा घ्यायचं झालं तर रॉड हाच घेईन, फक्त आठ फुटी. रिळावर थोडे कमी घालून उरलेले लाइन, लीडर आणि गऱ्यांवर घालीन.

पावसात चोणक अंडी घालायला खाडीच्या तोंडाकडे उतरतो, म्हणून आम्ही चौघांनी जूनपासून पोंयीवर जाणं थांबवलंय. रीळ उघडून ग्रीस भरलंय, ड्रॅग सैल आहे, रॉड मामांच्या पडवीत आडवा टांगलाय. नवं कडं आणलंय, दसऱ्याआधी बसवायचं आहे.